बुवांनी आत्याला लिहिलेलं पत्र

करोल बागच्या आमच्या घरात देव स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात होते. बैठकीच्या खोलीत, आल्यागेल्याची नजर पहिल्यांदा पडेल अशा जागी, काचेच्या चौकटीत एक पत्र होतं. संगीत नाटकांच्या काळातल्या एका फार मोठ्या गायक-नटाचं. स्वतःची नाटक कंपनी असलेला, रेशमी अंगरखा घालून राजपुत्राच्या भूमिका करणारा, ज्याच्या एकेका पदाला वन्समोअर घेता घेता पहाट व्हायची म्हणत, असा तो माणूस. आमच्याकडे त्यांचं नाव कुणी घेत नसे. नुसतं ‘बुवा’ म्हणत.

पत्र माझ्या आत्याला लिहिलेलं होतं, ती सोळा-सतरा वर्षांची असतानाचं. बुवांनी तिचं गाणं ऐकलं होतं आणि आपलं मत स्वहस्ते कळवलं होतं. मत असं होतं, की तिने गाऊ नये.

असं पत्र कुणी भिंतीवर का लावेल, हा प्रश्न मला बरीच मोठी होईपर्यंत पडला नाही. ते आजोबांनी, म्हणजे बाबा-आत्याच्या नानांनी, लावलं होतं, ग्वाल्हेरच्या घरात. बुवांच्या हातचं पत्र आपल्या घरी आलं, यातच त्यांना सगळं मिळालं होतं. पुढे बाबांना दिल्लीला केंद्र सरकारात नोकरी लागली, लग्न न झालेली मोठी बहीण त्यांच्याबरोबर आली आणि तिच्याबरोबर पत्रही आलं.

पाहुणे आले की चहाच्या आधी पत्र व्हायचं. बाबांना ते पाठ होतं, तरी ते चष्मा लावून भिंतीजवळ जायचे आणि बोटाने ओळी दाखवत वाचायचे. सुरुवात ‘चिरंजीव कन्येस अनेक आशीर्वाद’ अशी होती. मग, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मग, ‘आपला आवाज स्वच्छ आहे. परंतु स्वच्छ तर घासलेले पातेलेही असते.’ इथे पाहुणे हसायचे. बाबा थोडं थांबून हसू ओसरू द्यायचे आणि पुढची ओळ वाचायचे, जी आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत म्हणीसारखी झाली होती: ‘घरी तुळशीपुढे आळवावयास हरकत नाही. तुळस उठून जात नाही.’

“आणि अक्षर बघा,” बाबा म्हणायचे. “मोत्याचे दाणे. अशी माणसं होती. कोण कुठली मुलगी, पण वेळ काढून लिहिलं.”

तेवढ्यात आत्या चहाचा ट्रे घेऊन आतून यायची. पाहुण्यांपैकी कुणीतरी तिच्याकडे नवलाने बघायचं. “म्हणजे, या त्या?”

“हीच ती,” बाबा अभिमानाने सांगायचे. “आमची अक्का.”

आत्या ट्रे ठेवायची, साखर किती ते विचारायची आणि परत जायची. बाबांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांचं बहिणीवर प्रेम होतं. तिच्या दुखण्याखुपण्यात ते रात्र रात्र जागलेले मी पाहिलेत. त्यांना ते पत्र म्हणजे तिचा मान वाटायचा. इतक्या वर्षांत आपल्या बहिणीच्या तोंडाकडे त्यांनी एकदाही बघितलं नसेल, असं मला आता वाटतं.

आत्या सरकारी शाळेत गणित शिकवायची. गच्चीवरच्या एकुलत्या खोलीत, दिल्लीकरांच्या भाषेत बरसातीत, एकटी राहायची, खाली फक्त जेवायला आणि कामाला यायची. तिच्या वर्गातल्या मुली तिला टरकून असत. चुकलेलं गणित ती फळ्यावर सगळ्यांसमोर करायला लावायची, आणि परत चुकलं तर परत. घरी गणपतीत आरती सुरू झाली की ती मागे उभी राहून टाळ्या वाजवायची. ठेका एकदम पक्का. पण ओठ मिटलेले. आम्ही मुलं तिच्याकडे बघून एकमेकांना कोपर मारायचो.

मी दहा वर्षांची असताना आईने मला गाण्याच्या क्लासला घातलं. एका संध्याकाळी मी बैठकीच्या खोलीत सरगम म्हणत बसले होते. आत्या बरसातीतून खाली आली, दारात उभी राहून ऐकलं आणि म्हणाली, “तुझा गळा बेताचा आहे. यात वर्षं घालवू नकोस.”

आई स्वयंपाकघरातून धावत आली. “वन्सं, लेकरू आहे ते!”

“म्हणूनच आत्ता सांगितलं,” आत्या म्हणाली. “नंतर सांगितलं की जास्त लागतं.”

मी रडले, आणि पुढच्या आठवड्यापासून क्लासला गेले नाही. आईने आत्याला ते कधी विसरू दिलं नाही. ती उघड भांडणारी बाई नव्हती, पण त्या दिवसापासून आत्याच्या ताटात पोळी वाढताना तिचा हात थोडा उंचावरून सुटायला लागला.

मग दिवस बदलले. दादा, माझा मोठा भाऊ, शिकून बाहेर पडला आणि देशाचा बाजार परदेशी कंपन्यांना खुला झाला, हे दोन्ही एकदमच झालं. बाबांच्या वेळी नोकरी लागायला वर्षं जायची, दादाला कंपन्या घरी फोन करत होत्या. रंगीत टीव्ही विकणाऱ्या एका परदेशी कंपनीत तो चिकटला. करोल बागचं घर भाड्याचं होतं. खालचा कपड्याचा दुकानदार वरचा मजलाही मागत होता, मालकाला तेच हवं होतं. दादाने नोएडात फ्लॅट घेतला आणि आम्ही सगळे जमुनापार गेलो.

करोल बागेतले लोक ‘जमुनापार’ असं म्हणायचे, जसं काही आम्ही काळ्या पाण्यावर चाललो होतो. आणि खरंच, तेव्हा तिथे काय होतं? अर्धवट उभ्या इमारती, त्यांच्यातून दिसणारी मोहरीची शेतं, आणि सगळ्यावर धूळ. वीज गेली की प्रत्येक बाल्कनीतला जनरेटर धडधडायला लागायचा. पण दादा खूश होता. संगमरवरी फरशी, टेलिफोन, सोफा, त्याच्याच कंपनीचा मोठा टीव्ही. माणसांच्या मानाने खोली मात्र एक कमी होती. आत्यासाठी मागच्या बाल्कनीला ॲल्युमिनियमच्या काचा बसवल्या. उन्हाळ्यात तिथे भट्टी व्हायची, थंडीत बोटं वाकायची नाहीत. आत्याने तक्रार केली नाही. बरसातीतही असंच होतं, म्हणाली.

पत्राला दादाने नवी सोनेरी फ्रेम केली. वर एक छोटा दिवा लावला, चित्रांच्या दुकानात असतो तसा.

त्या नव्या वस्तीत पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरच्या आणि बाकीच्या कंपन्यांत आलेली बरीच मराठी मंडळी होती. त्यांनी मंडळ काढलं. मंडळाचे अध्यक्ष एकदा वर्गणीला आले, तेव्हा त्या दिव्याखाली उभे राहून त्यांनी पत्र वाचलं आणि चपला काढून परत वाचलं.

“अहो, हे घरात काय ठेवलंय?” ते म्हणाले. “हे ऐतिहासिक पत्र आहे! आणि बुवांची जन्मशताब्दी आलीय. आपण कार्यक्रम करू. मुंबईहून एखादा नट बोलवू, तो हे पत्र वाचेल. आणि ज्यांना लिहिलं त्या बाई? त्या... आहेत का?”

“आत आहे,” बाबा म्हणाले. “अक्का! बाहेर ये जरा.”

आत्या बाहेर आली. तिचे हात कणकेचे होते. अध्यक्षांनी वाकून नमस्कार केला. “तुम्हाला आम्ही स्टेजवर बसवणार आहोत,” ते म्हणाले. बुवांची एखादी मूर्ती सापडावी तसा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

“मी येणार नाही,” आत्या म्हणाली आणि आत गेली.

पण दादाने कार्यक्रमाला आपली कंपनी जोडून दिली. पडदा, जेवण, हॉल सगळं कंपनीकडून. त्याचे साहेब स्वतः येणार होते, आणि दादाचं प्रमोशन त्याच दिवसांत अडकलं होतं. रात्रीच्या जेवणाला तो आत्याच्या मागे लागला.

“यार आत्या, तुला करायचं काय आहे? फक्त बसायचंय. लोक टाळ्या वाजवतील. बिल्कुल पाच मिनिटं.”

“लोक हसतील,” आत्या म्हणाली.

“अगं, ते तुला थोडंच हसणार? पत्र मजेदार आहे म्हणून हसतील.”

“अक्का,” बाबा म्हणाले, “पोराचं काम आहे. माझ्यासाठी ये.”

आत्याने भात कालवायचा थांबवला. “येते,” ती म्हणाली. “पण पत्र वाचून झाल्यावर मी दोन शब्द बोलणार.”

“अच्छा! ये हुई ना बात,” दादा म्हणाला. त्याला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या बाल्कनीत गेले. माझी तेव्हा जुनी नोकरी सुटली होती, नवी नोकरी सुरू व्हायची होती, म्हणून दिवसा घरी असायचे. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी तिला विचारलं की ती काय बोलणार आहे. तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. मग मी ते विचारलं, जे घरात कुणीच विचारलं नव्हतं. “बुवांसमोर तू नक्की काय गायली होतीस, आत्या?”

तिने मान वर केली नाही, पण सांगितलं. जसं गणित समजावून सांगायची तसं, एका पायरीनंतर दुसरी.

बुवांची कंपनी ग्वाल्हेरला आली होती. आत्या शेजारच्या एका म्हाताऱ्या गवयाकडे चोरून शिकत होती आणि कंपनीत जायचं म्हणून तिने घरात अन्न सोडलं होतं. कंपनीत तेव्हा नुकत्याच बायका काम करू लागल्या होत्या. आजोबा शेवटी तिला घेऊन बुवा उतरले होते त्या बंगल्यावर गेले. बुवा जेवून पानदान घेऊन बसले होते. भोवती शिष्य. तिने त्यांच्याच नाटकातलं एक पद म्हटलं. बुवांनी एक ओळ परत म्हणायला सांगितली. मग परत. मग परत. शिष्य एकमेकांकडे बघत होते. शेवटी बुवा नुसतं ‘हं’ म्हणाले.

“मग आजोबांनी मला बाहेर जाऊन थांबायला सांगितलं,” आत्या म्हणाली. “मी ओसरीवर चपला घालत होते. चपलेचा अंगठा निघाला होता, तो बसवत होते, म्हणून वेळ लागला. आत त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. आजोबा म्हणाले, ‘मी सांगून ती ऐकत नाही. तुम्ही लिहून दिलंत तर ऐकेल.’ बुवा हसले. म्हणाले, ‘कसं लिहू? गोड की तिखट?’”

“मग?”

“आजोबा म्हणाले, ‘तिखट.’”

खाली कुठेतरी भाजीवाला ओरडत होता.

“मग पत्र यायला आठवडा गेला,” ती म्हणाली. “मी रोज दारात पोस्टमनची वाट बघायचे. पत्र येऊ नये म्हणून. एवढा मोठा माणूस, एवढं गातो, असला माणूस कुणाच्या सांगण्यावरून असं लिहिणार नाही, असं वाटायचं मला. मग आलं. आजोबांनी मला अंगणात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावलं. मीच वाचलं. पातेल्याची ओळ वाचल्यावर काकू हसल्या.”

“म्हणजे ते खोटं होतं, आत्या! त्यांना सांगितलं होतं म्हणून लिहिलं!”

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. शाळेत मुलीने सोपं गणित चुकवल्यावर बघायची तसं.

“तुला काय माहीत?” ती म्हणाली. “तिखट लिहा म्हटलं म्हणून लिहिलं, की खरंच तसं होतं आणि लिहायला निमित्त मिळालं, कोण सांगणार? त्यांनी ती ओळ तीनदा म्हणून घेतली. चांगली वाटली म्हणून, की वाईट वाटली म्हणून? मी यावर फार विचार केलाय. उत्तर निघत नाही.”

“बाबांना माहीत आहे?”

“तो तेव्हा गोट्या खेळत होता,” ती म्हणाली आणि सूप पाखडलं.

कार्यक्रम आमच्याच वसाहतीच्या नव्या हॉलमध्ये झाला. रंगाचा वास अजून गेला नव्हता. स्टेजवर बुवांचा मोठा फोटो, त्याला हार, आणि त्याच्यापेक्षा मोठा दादाच्या कंपनीच्या टीव्हीचा फलक. आत्याला आईने आपली चंदेरी साडी नेसवली होती. तिला फोटोच्या शेजारी खुर्चीवर बसवलं. पुढच्या रांगेत दादाचे साहेब, शेजारी दादा. त्याच्या बाजूला बाबा, आई आणि मी.

मुंबईचा नट चांगला होता. त्याने पत्र वाचलं नाही, वठवलं. बुवांसारखं मानेला झटका देऊन, पान तोंडात असल्यासारखं बोलून. पातेल्याच्या ओळीला त्याने पाण्याच्या तांब्यावर टिचकी मारली आणि हॉल हसून लोळायचा बाकी राहिला. तुळशीच्या ओळीला तो खुर्चीवरून उठून दोन पावलं चालून गेला, तुळस निघून चालल्यासारखा, आणि लोकांनी ‘वन्समोअर’ ओरडून ते त्याच्याकडून पुन्हा करवून घेतलं. दादा साहेबांच्या कानात हिंदीत अर्थ सांगत होता. साहेब मराठी नव्हते. ते जरा उशिरा हसले, त्यामुळे त्यांचं हसणं वेगळं ऐकू आलं. हे सगळं होत असताना आत्या नटापासून हातभर अंतरावर बसली होती. तिने गुडघ्यांवर हात ठेवले होते, फोटो काढून घेताना माणसं ठेवतात तसे.

मग अध्यक्षांनी तिला माइकसमोर आणलं.

“हे पत्र माझ्या वडिलांनी लिहवून घेतलं होतं,” आत्या म्हणाली. वर्गात असायचा तोच आवाज. “मी कंपनीत जाऊ नये म्हणून. त्यांनी तिखट लिहा असं सांगितलं. मी दाराबाहेर होते, मला ऐकू आलं. बुवांनी सांगितलं तसं लिहिलं. गेली पन्नास वर्षं हे पत्र माझ्या घरात लोकांना वाचून दाखवतात. आज तुम्ही हसलात. मला एवढंच सांगायचं होतं.”

हॉल गप्प झाला. आता लोकांना लाज वाटेल, असं मला क्षणभर वाटलं. पण ती शांतता लोकांना सहन होईना. मागून एक तरुण आवाज आला, “मग आत्ताच ठरवू या की! आजी, एक पद होऊन जाऊ द्या!”

हशा पिकला. सुटल्यासारखा. “होऊ द्या! होऊ द्या!” म्हणत लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि त्या टाळ्या ठेक्यात पडत गेल्या. नटही हसत टाळ्या वाजवत होता. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं, सगळ्यांना खेळ आवडला होता.

मला वाटलं ती खाली येईल. मी उठलेसुद्धा, तिला हात द्यायला. पण आत्या तिथेच उभी राहिली. मग ती वळून पेटीवाल्याला काहीतरी म्हणाली. माइक जवळ होता म्हणून आम्हाला ऐकू आलं. “काळी चार द्या.”

पेटीवाला वयस्कर होता. तो हळूच म्हणाला, “आजी, दोन देऊ का? चार जरा उंच जाईल.”

“चारच,” आत्या म्हणाली.

त्याने सूर धरला. टाळ्या थांबल्या. आत्याने डोळे मिटले. मी तिला जन्मापासून ओळखत होते, पण हनुवटी अशी उचललेली आणि खांदे असे खाली सोडलेले मी कधी पाहिले नव्हते. तिने श्वास घेतला.

दादा तेव्हा जागेवर नव्हता. तो कधी उठला ते मला कळलं नाही. अध्यक्षांच्या शेजारी उभा राहून तो त्यांच्या कानात बोलत होता. अध्यक्षांनी घाईघाईने माइक आपल्याकडे ओढला. “मंडळी, प्रमुख पाहुण्यांना विमान गाठायचंय, वेळेअभावी आपण आता थेट बक्षीस समारंभाकडे वळू या. आजींसाठी जोरदार टाळ्या!” आणि लगेच मोठ्या स्पीकरवरून दादाच्या कंपनीच्या टीव्हीच्या जाहिरातीची धून सुरू झाली.

आत्याचं तोंड उघडं होतं. सूर लागला होता की नाही, मी सांगू शकत नाही. मी सगळ्यांत पुढे होते आणि मला फक्त ती धून ऐकू आली. पेटीवाल्याने भाता सोडून दिला. आत्याने डोळे उघडले, समोर माइक नव्हता. मी वर जाऊन तिला खाली आणलं. तिचा हात गरम होता.

घरी आल्याबरोबर मी दादाला धरलं. साहेबांना विमान वगैरे काही नव्हतं, ते हॉलमध्ये जेवून गेले होते.

“मी तिला वाचवलं,” दादा म्हणाला. तो खरंच गोंधळून गेला होता. “तू वेडी आहेस का? सत्तरीची बाई, पन्नास वर्षं तोंड उघडलेलं नाही, आणि काळी चार? आवाज फाटला असता. सगळे हसले असते. तुला ते बघायचं होतं?”

त्याचं बरोबरही असेल.

बाबा मात्र सोफ्यावर बसून आत्याकडे बघत होते. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “नानांना चव्हाट्यावर आणलंस, अक्का. गेलेल्या माणसाला.”

“जे झालं ते सांगितलं.”

“त्यांनी तुझं भलंच केलं. कंपन्यांतल्या बायकांचं पुढे काय झालं, माहीत आहे तुला?”

“त्यांचं माहीत आहे,” आत्या म्हणाली. “माझं काय झालं ते तुला माहीत आहे?”

बाबा उठून खोलीत गेले. त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. एकाच फ्लॅटमध्ये, एकाच टेबलावर जेवून, वर्षानुवर्षं. काही सांगायचं असलं तर आईला सांगायचे, “तिला विचार, पेन्शनचं काम झालं का.” आत्या समोरच बसलेली असायची. आई तिच्याकडे वळून म्हणायची, “वन्सं, ते विचारतायत पेन्शनचं काम झालं का.” आत्या आईला उत्तर द्यायची. दादाला प्रमोशन मिळालं आणि तो गुडगावला मोठ्या घरात गेला. पत्र मंडळाने मागितलं म्हणून त्याने देऊन टाकलं. कुणी हरकत घेतली नाही. पुढे मंडळ फुटलं आणि पत्र कुणाकडे गेलं ते कुणाला ठाऊक नाही.

मग बाबांना कॅन्सर झाला. पोटाचा, उशिरा कळलेला. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात त्यांनी आईला सांगितलं, “अक्काला बोलाव.” मीच आत्याला घेऊन गेले. इस्पितळातल्या दीड महिन्यात बाबा इतके वाळले होते की दारातून तिने त्यांना ओळखलं नाही, शेजारच्या खाटेकडे चालू लागली होती.

ती त्यांच्या उशाशी बसली. बाबांनी तिचा हात धरला. म्हणाले, “अक्का, मी तुझं गाणं कधी ऐकलंच नाही गं.”

तिने मोकळ्या हाताने त्यांची उशी सारखी केली.

“एक म्हण. हळू म्हण. एकच ओळ.”

आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. मी खिडकीजवळ. दुपारची वेळ, वॉर्डात फारसं कुणी नव्हतं. आत्याने बाबांच्या अंगावरचं पांघरूण सरळ केलं, कडा गादीखाली नीट खोचल्या.

“नाही,” ती म्हणाली.

बाबांना वाटलं तिला ऐकू आलं नाही. त्यांनी परत सांगितलं. ती परत म्हणाली, “नाही.” मोठ्याने नाही, रागानेही नाही. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांचा हात तिच्या हातात तसाच होता, कारण तो काढून घ्यायची ताकद त्यांना नव्हती.

बाहेर व्हरांड्यात आई तिच्यावर तुटून पडली. मी आईला असं कधी पाहिलं नव्हतं. “एक ओळ, वन्सं! मरणाऱ्या माणसाला! काय जात होतं तुमचं?”

आत्या बाकावर बसली. आई रडत आत निघून गेल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तो काय म्हणाला असता? चांगलं आहे म्हणाला असता तर मला खोटं वाटलं असतं. वाईट म्हणाला असता तर खरं वाटलं असतं. मला या वयात ते नको.”

“आत्या, त्यांना मत द्यायचं नव्हतं. त्यांना फक्त ऐकायचं होतं.”

“ऐकणारे सगळे असंच म्हणतात,” ती म्हणाली.

दोन दिवसांनी बाबा गेले. दादाने आईला गुडगावला चल म्हणून खूप आग्रह केला. आई गेली नाही. आत्याला घेऊन जा, असंही म्हणाली नाही. मी लग्न होऊन जवळच राहत होते, आठवड्यातून दोनदा जायचे. दोघी बायका त्या फ्लॅटमध्ये राहिल्या. आई आधी जेवून घ्यायची, मग आत्याचं ताट झाकून ठेवायची. दिवसभर टीव्ही चालू असायचा, आवाज मोठा. एकदा मी तो कमी करायला गेले तर आई म्हणाली, “राहू दे. मला शांतता नको या घरात.”

पुढे आत्याला झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. दादाने बाई ठेवतो म्हटलं. आई नको म्हणाली. आत्याला बाल्कनीतून काढून तिने स्वतःच्या खोलीत, बाबांच्या पलंगावर घेतलं. तिला अंघोळ आई घालायची, भरवायची आई, रात्री कूस बदलायला उठायची तीही आईच. सगळं वेळच्या वेळी, स्वच्छ. अंगावर एक जखम होऊ दिली नाही. डॉक्टर म्हणाले, सख्खी बहीण करणार नाही असं करताय तुम्ही. आईने नुसती मान हलवली.

रोज सकाळी ती आत्याची वेणी घालायची. केस थोडेच उरले होते, पण आई ते ओढून, ताणून, कपाळाची कातडी वर जाईल इतकी घट्ट वेणी घालायची. आत्याला शेवटच्या दिवसांत मोजकेच शब्द बोलता येत होते. त्यातला एक ‘हळू’ होता. मी दारात उभी राहून कितीदा तरी ऐकलाय तो.

“हळू,” आत्या म्हणायची.

आई ऐकायची, आणि पुढचा पेड तेवढाच ओढायची.